फेज म्हणजे कला

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मांडवात दरवर्षी कीर्तन होतं, भजन होतं, लहान मुलांची नाटुकली होते. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला सांगितलं, "तुम्ही जन्मभर विजेचं शिकवलं, तेव्हा विजेवरच बोला. पण फळ्यावर गणित मांडायचं नाही." अट मान्य केली. फळा आणलेला नाही. खिशात खडूसुद्धा नाही. विषय मात्र गणिताचाच आहे, आणि तो आपल्या बागेत, आपल्या मांडवात आणि आपल्या पंचांगात तिन्ही ठिकाणी आहे. त्याचं नाव फेज.

आपल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरात दिवा लागलेला असतो, पंखा फिरत असतो, आणि तरी संत्र्याचा बागवान म्हणतो, "लाईट नाही." त्याच्या हिशेबी थ्री फेज असेल तरच लाईट. फेज गेली, फेज उलटली, एक फेज कमी येते, ही वाक्यं आपण रोज बोलतो. पण वर्गात आम्ही विचारायचो, "फेज म्हणजे काय रे?" तर उत्तर यायचं, "एक तार." तार म्हणजे फेज नव्हे. तार ही फक्त वाट आहे. त्या वाटेनं जे येतं, ते किती येतं हे एक, आणि ते नेमकं केव्हा येतं हे दुसरं. या 'केव्हा'ला फेज म्हणतात.

आधी घरची एक गोष्ट सांगतो. तिचा शेवट शेवटी सांगू.

आमची बाग पांढुर्ण्याकडे. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर. वर्ष आठवतं, पण ते महत्त्वाचं नाही. चैत्राचे दिवस होते, आंबिया बहराची फळं बोराएवढी झाली होती. या वेळी झाडाला पाणी चुकलं की फळ देठाशी सुटतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! थ्री फेज रात्रीची यायची. आमचे थोरले भाऊ रात्रभर बागेत राहून एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी वळवायचे. एके रात्री मोटर जळाली. सकाळी पाहिलं तर डीपीवरच्या तीन फ्यूजपैकी एक उडालेला. बाबा भाऊंना म्हणाले, "तू झोपला होतास." भाऊ म्हणाले, "पाणी येतच होतं, बाबा. पाणी थांबलं तसा मी धावलो." कुणाचा विश्वास बसला नाही. एक फेज गेली तर मोटर थांबायला पाहिजे, मोटर थांबली तर पाणी थांबायला पाहिजे, आणि पाणी थांबलं तर जाग्या माणसाला कळायला पाहिजे. हिशेब सरळ होता.

मोटर भरून यायला आठ दिवस लागले. बैलगाडीवर पिपं ठेवून आम्ही जमेल तेवढी झाडं वाचवली. बाकीच्या झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक म्हण झाली. कुणी उशिरा उठलं की आम्ही म्हणायचो, "भाऊंची मोटर झाली वाटतं!" भाऊ हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

ही गोष्ट इथंच ठेवू, आणि पंचांग उघडू.

फेजला आपल्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत शब्द आहे 'कला'. चंद्राची कला म्हणतो तीच. दोन लाटांमधल्या फेजच्या फरकाला म्हणतात कलांतर. हा शब्द कुणी ओढूनताणून आणलेला नाही. पंचांगातली तिथी म्हणजे काय? आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामधला कोन. तो १२ अंशांनी वाढला की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथी झाल्या की ३६० अंश भरतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. अमावास्या संपते तिथं शून्य. चतुर्थी म्हणजे हा कोन ३६ ते ४८ अंशांच्या मध्ये. पोळा अमावास्येला, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची गोटमार, आणि चतुर्थीला बाप्पा. आपण कित्येक पिढ्या कला मोजत आलो आहोत, फक्त तिला तिथी म्हणतो.

आता विजेची लाट घ्या. ती महिन्याला एक फेरा करत नाही, सेकंदाला ५० फेरे करते. चढते, माथ्यावर जाते, उतरते, शून्याखाली जाते, पुन्हा वर येते. थ्री फेज म्हणजे अशा सारख्या उंचीच्या, सारख्या वेगाच्या तीन लाटा. पण एकीमागून एक, १२० अंशांच्या अंतरानं निघालेल्या. पंचांगाच्या भाषेत दहा तिथींचं अंतर. असं समजा की आकाशात तीन चंद्र आहेत आणि प्रत्येक जण पुढच्याच्या दहा तिथी मागे चालतो आहे.

लोहाराच्या भट्टीवर तीन जण घण घालताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हे लगेच कळेल. तिघांचा जोर सारखा, तिघांची लय सारखी, पण एकाचा घण पडतो तेव्हा दुसऱ्याचा वर असतो आणि तिसऱ्याचा खाली येत असतो. तिघांनी एकदम मारलं तर घणावर घण आदळेल. काम होतं ते कलांतरामुळं.

या रचनेत एक सुंदर गोष्ट आहे. एक लाट माथ्यावर असते तेव्हा घरच्या २३० व्होल्टच्या लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टवर असतो. त्याच क्षणी बाकीच्या दोघी शून्याच्या खाली बरोबर निम्म्यावर, साडेएकशे बासष्टवर असतात. बेरीज करा: शून्य. क्षण कोणताही घ्या, बेरीज शून्यच. म्हणून पंपाला तीनच तारा पुरतात, परतीची चौथी तार लागत नाही. आणि तिन्ही लाटा ठरलेल्या क्रमानं येतात म्हणून मोटरच्या पोटात एक फिरतं चुंबकत्व तयार होतं आणि ते आतल्या रोटरला आपल्यामागे ओढत नेतं. दोन तारांची अदलाबदल केली की क्रम उलटतो आणि मोटर उलटी फिरते. व्होल्ट तेवढेच, तारा त्याच; फक्त 'केव्हा' बदललं.

आता फूरिये. जोसेफ फूरिये हा फ्रान्समधल्या एका शिंप्याचा मुलगा, १७६८ चा जन्म. लहानपणीच आईवडील गेले. पुढे नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला, परत येऊन एका प्रांताचा कारभार पाहिला, आणि कारभार पाहता पाहता लोखंडातून उष्णता कशी पसरते याचं गणित केलं. १८०७ मध्ये त्यानं ते पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडलं. त्यात एक धाडसी विधान होतं: पुन्हा पुन्हा येणारा कोणताही आकार, कितीही वेडावाकडा असो, साध्या गुळगुळीत लाटा मिसळून तयार करता येतो. एक मूळ लाट, तिच्या दुप्पट वेगाची दुसरी, तिप्पट वेगाची तिसरी, अशा पटीपटीच्या लाटा. लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाला हे पटलं नाही. फूरियेचं पुस्तक छापून यायला १८२२ साल उजाडलं. आज डॉक्टरांच्या एमआरआयपासून मोबाइलमधल्या गाण्यापर्यंत सगळीकडे हे गणित आहे.

आपल्या माता-भगिनींना हे सांगायचं तर फोडणीचं उदाहरण पुरे. मोहरी किती, जिरं किती, हिंग किती, एवढं लिहून दिलं म्हणजे फोडणी कळली का? मोहरी तडतडण्याआधी हळद टाकली तर ती करपते. जिन्नस तेच, मापं तीच, पण चव गेली. फूरियेच्या पाककृतीत प्रत्येक लाटेपुढे असेच दोन आकडे असतात: माप किती, आणि कला कोणती.

कलेनं काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. मूळ लाट ९० ची घ्या, तिच्यात तिप्पट वेगाची ३० ची लाट मिसळा. तिसरी लाट एका कलेत आली तर मूळ लाटेचा माथा दाबला जातो: मधोमध ९० चे ६० होतात, दोन्ही खांदे सुमारे ८५ वर राहतात. बैठा, मध्ये खळगा असलेला आकार. तीच तिसरी लाट उलट कलेत आली तर मधोमध ९० चे १२० होतात. टोकदार सुळका. मापं दोन्हीकडे ९० आणि ३० च. जिन्नसांची यादी वाचून हा आकार बैठा की टोकदार हे सांगता येणार नाही, कला विचारावीच लागेल.

मग प्रत्येक वेळी कला मोजत बसायची का? नाही. इथं सममिती मदतीला येते.

कागदावर लाट काढा आणि शून्याच्या रेषेवर कागदाची उभी घडी घाला. दोन्ही अंगं एकमेकांवर बसली तर ती लाट सम. घडी घालून एक अंग वरचं खाली केल्यावर बसली तर विषम. लाट सम असेल तर तिच्यातला प्रत्येक जिन्नस शून्यापाशी एकतर माथ्यावर असला पाहिजे, नाहीतर तळाशी. मधली कोणतीही कला चालत नाही, कारण तशी एक जरी लाट आत शिरली तरी घडी जुळणार नाही. विषम असेल तर प्रत्येक जिन्नस शून्यापाशी चढता किंवा उतरता, नेमका मधल्या रेषेवर. म्हणजे सममिती डोळ्यांना दिसली की कला मोजावी लागत नाही, ती आधीच ठरलेली असते.

पण शून्य कुठं धरायचं? हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कुणाला चांगला कळणार नाही. आपला महिना अमावास्येला संपतो. शेजारच्या हिंदी भाषक घरातला महिना पौर्णिमेला संपतो. चंद्र एकच. पण आपण जन्माष्टमी श्रावणात करतो, ते म्हणतात भादव्यात. आपला पोळा श्रावणातल्या अमावास्येला, त्यांच्या पंचांगात तीच अमावास्या भाद्रपदाची. शून्य पंधरा तिथींनी सरकवलं की वद्य पक्षातली नावं बदलतात. शुद्ध पक्षात मात्र दोघांचा महिना एकच, म्हणून गणेश चतुर्थीला वाद नाही. लाटेचंही असंच आहे. शून्य सरकवलं की सम लाट विषम होऊ शकते, कलांचे आकडे बदलतात. मापं मात्र बदलत नाहीत. आणि आकड्यांतला हा बदल मनाला येईल तसा होत नाही, त्याचा नियम आहे. मूळ लाट दहा तिथी सरकली तर दुप्पट वेगाची लाट तेवढ्याच वेळात वीस तिथी सरकते आणि तिप्पट वेगाची तीस. तीस तिथी म्हणजे पूर्ण महिना, म्हणजे जिथल्या तिथं! हे एक वाक्य लक्षात ठेवा. मांडवात लगेच लागणार आहे.

त्याआधी आणखी एक सममिती. विजेच्या लाटेचा खालचा अर्धा भाग हा वरच्याच भागाची उलटी प्रत असतो. अर्धा फेरा, म्हणजे पंधरा तिथी पुढे गेलं की तोच आकार, फक्त खालती तोंड करून. आता दुप्पट वेगाच्या लाटेला विचारा. पंधरा तिथींत ती पूर्ण फेरा करून पुन्हा होती तिथंच येते, उलटी होत नाही. मग अशा आकारात तिला जागा कुठली? म्हणून दुसरी, चौथी, सहावी या सगळ्या लाटा बाद. उरतात पहिली, तिसरी, पाचवी, सातवी. एक आकडा न मांडता अर्धी यादी खोडली.

आता मांडवात या.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपण मांडवात साधे बल्ब लावायचो. वायरमन एका फेजवर कमान, दुसरीवर सभामंडप, तिसरीवर मूर्तीची रोषणाई अशी वाटणी करायचा आणि परतीची, म्हणजे न्यूट्रलची तार बारीक वापरायचा. त्याचं चुकत नव्हतं. बल्ब हा सरळमार्गी. व्होल्टेजची लाट जशी, तशीच करंटची लाट तो घेतो. तिन्हीकडे सारखे बल्ब असले की तीन लाटांची बेरीज शून्य, न्यूट्रल थंडगार.

आता बल्ब गेले. एलईडी दिवे आले, मोठा पडदा आला, नवे ॲम्प्लिफायर आले. यांच्या पोटात जो पुरवठ्याचा डबा असतो, तो बहुधा लाटेच्या माथ्याजवळ तेवढा एक घोट घेतो आणि बाकीचा वेळ गप्प बसतो. वरच्या माथ्यावर एक घोट, खालच्या तळावर तसाच दुसरा. म्हणजे करंटचा आकार तो मघाचा टोकदार सुळका. खालचा-वरचा भाग सारखा असल्यामुळं सम पटीच्या लाटा नाहीत, पण तिसरी भरपूर. आणि तीन फेजमधल्या तीन तिसऱ्या लाटा? मूळ लाटांमध्ये अंतर दहा तिथींचं, म्हणून त्यांच्यात तीस तिथींचं, म्हणजे अंतरच नाही. तिघी एका सुरात. पहिल्या लाटा न्यूट्रलमध्ये एकमेकींना मिटवतात, तिसऱ्या मात्र एकमेकींत मिसळून तिप्पट होतात. घोट फारच आखूड असले तर न्यूट्रलमधला करंट एका फेजच्या १.७३ पट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होऊ शकतो. त्याच बारीक तारेतून!

एका वर्षी एका मांडवात आरतीच्या वेळी आम्हाला प्लास्टिक जळाल्याचा वास आला. कापूर जळतो आहे म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पडद्यामागे जाऊन पाहिलं तर न्यूट्रलचं आवरण मऊ होऊन लोंबत होतं. तिन्ही फेजचे फ्यूज शाबूत, कारण एकेका फेजमध्ये करंट मर्यादेतच होता. आणि न्यूट्रलला फ्यूज नसतो, नसायलाच पाहिजे. न्यूट्रल मध्येच तुटली तर दिव्यांना २३० ऐवजी वाटणीप्रमाणं कुणाला कमी, कुणाला जवळजवळ ४०० व्होल्ट मिळतात. त्या दिवशी मेन स्विच खाली केला, आरती समईच्या उजेडात झाली. म्हातारा वायरमन आम्हाला म्हणाला, "चाळीस वर्षं अशीच वायरिंग करतो मी, कधी काही झालं नाही." त्याचं खरं होतं. त्याचा नियम बल्बच्या सममितीवर उभा होता. दिवे बदलले, नियम बदलला नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. मांडवात न्यूट्रलची तार फेजच्या तारेइतकी तरी जाड घ्या, रोषणाई सगळी एलईडीची असेल तर त्याहून जाड. आणि रात्री दिवे लागल्यावर तासाभरानं वायरमनकडून क्लँप मीटर लावून न्यूट्रलचा करंट मोजून घ्या. हात लावून पाहू नका.

आता भाऊंची मोटर.

अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीत चार्ल्स फोर्टेस्क्यू नावाचा इंजिनिअर होता. १९१३ च्या अखेरीस त्याच्यापुढे प्रश्न आला: तीन फेज सारख्या नसल्या तर मोटरचं काय होतं? पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यानं उत्तर प्रसिद्ध केलं. ते उत्तर म्हणजे फूरियेचीच युक्ती, लाटेऐवजी तीन तारांना लावलेली. तो म्हणाला, तीन फेज कशाही बिघडलेल्या असोत, त्या तीन सममित त्रिकुटांची बेरीज असतात. पहिलं त्रिकूट सुलट क्रमानं चालणारं, दुसरं उलट क्रमानं चालणारं, आणि तिसरं तिघांनी एकदम उठाबशा काढणारं. तिन्ही फेज ठीक असतात तेव्हा फक्त सुलट त्रिकूट असतं.

एक फेज गेली की काय होतं? मोटर थांबलेली असेल तर सुलट आणि उलट दोन्ही त्रिकुटं सारख्या जोरानं ओढतात. एक म्हणतं इकडे फीर, दुसरं म्हणतं तिकडे. मोटर नुसती हुंकारते, उचलत नाही. हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पण मोटर आधीपासून फिरत असेल तर? तर गोष्ट वेगळी. फिरणाऱ्या रोटरला सुलट त्रिकुटाशी जुळवून घेणं सोपं जातं, सुलट जिंकतं, आणि मोटर फिरत राहते. वेग थोडासा कमी होतो, एवढंच. पंप चालू राहतो, पाणी येत राहतं. मात्र तिघांचं ओझं दोघांवर पडल्यामुळं उरलेल्या दोन तारांत करंट सुमारे पावणेदोन पट होतो. आणि उलटं त्रिकूट रोटरला सेकंदाला जवळजवळ शंभर वेळा उलटसुलट घासत राहतं. वाइंडिंग तापतं, आवरण करपतं, आणि शेवटी मोटर जळते. पाणी थांबतं ते जळाल्यावर. आधी नाही.

ज्या वर्षी हा धडा आम्ही पहिल्यांदा वर्गात शिकवला, त्या दिवशी तास अर्धवट सोडून आम्ही स्टाफरूममध्ये येऊन बसलो. भाऊंनी जे सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं. पाणी येतच होतं. जागा माणूस आळ्याशी उभा असता तरी त्याला काही कळलं नसतं. आणि आणखी एक गोष्ट आठवली. करंट वाढला की मोटर बंद करणारी रिले स्टार्टरमध्ये होती. ती वारंवार पडते म्हणून आम्हीच, घरातल्या शिकलेल्या मुलांनी, तिला तार बांधून ठेवली होती. भाऊंना ते माहीतही नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा ओसरीवर बसून हे सगळं बाबांना आणि भाऊंना सांगितलं. तारेचंही सांगितलं. बाबा थकले होते, ऐकायला कमी यायचं. दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी भाऊंना विचारलं, "म्हणजे पाणी येतच होतं?"

भाऊ म्हणाले, "मी तेच तर सांगत होतो."

बाबा पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून पैसे काढून भाऊंच्या हातात दिले आणि एक फेज गेल्याबरोबर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर आणायला त्यांना बाजारात पाठवलं. ती म्हण आमच्या घरात पुन्हा कुणी वापरली नाही. आज भाऊ इथं समोर बसले आहेत, म्हणून हे चारचौघांत सांगतो आहोत. दोष चारचौघांत दिला होता, तेव्हा परतही चारचौघांतच घ्यायला हवा.

बागवान मंडळी, तुमच्या स्टार्टरची रिले कुणी बांधून ठेवली असेल तर उद्याच ती कुशल माणसाकडून सोडवून घ्या. प्रिव्हेंटर नसेल तर लावून घ्या. मोटर फिरते आहे म्हणजे ठीक आहे, असं नसतं.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला. रेषा बदलत गेल्या. पण आपल्या बागेतली मोटर आणि वरुडच्या बागेतली मोटर एकाच लाटेवर फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची लाटही देशाच्या लाटेशी एक झाली. अशी जोडणी करताना दोन बाजू पाहतात: दोन्हीकडचे सेकंदाचे फेरे सारखे आहेत का, आणि कला जुळते आहे का. व्होल्ट सारखे असून भागत नाही.

तिकडच्या पाहुण्यांना आपलं 'मले-तुले' ऐकून हसू येतं. येऊ द्या. आपल्या बोलीची कला थोडी सरकलेली आहे, फेरा तोच आहे. भाद्रपदाची चतुर्थी तिकडे ज्या दिवशी उजाडते, त्याच दिवशी इथं उजाडते.

 आरतीची वेळ झाली आहे. मांडवातली न्यूट्रल आज दुपारीच मोजून घेतली आहे, तेव्हा निर्धास्त मनानं उभे राहू.

गणपती बाप्पा मोरया!